या कबीकज : कीटकांच्या राजाचे नाव आणि आपले वाङ्मय

अरबी, फारसी किंवा जुनी उर्दू हस्तलिखिते ज्यांनी हाताळली असतील, त्यांच्या नजरेला एक गोष्ट पडली असेल. पहिल्या पानावर बिस्मिल्ला असते, मालकाची मोहर असते, कधी ग्रंथ वक्फ केल्याची नोंद असते. आणि एखाद्या कोपऱ्यात, बारीक अक्षरात, ग्रंथाच्या विषयाशी काडीचाही संबंध नसलेले दोन शब्द असतात : ‘या कबीकज’. कुठे ते एकदाच असतात, कुठे पुन्हा पुन्हा. ‘या’ म्हणजे ‘हे’, ‘अहो’. म्हणजे ही हाक आहे. ती अल्लाहला नाही, वाचकालाही नाही. मग कोणाला?

१८९२ साली प्रसिद्ध झालेल्या स्टाइनगास यांच्या फारसी-इंग्रजी कोशात या शब्दाचे अर्थ दिलेले आहेत. पहिला अर्थ वनस्पतीचा : एक विषारी रानटी झाड. दुसरा अर्थ सरपटणाऱ्या जिवांच्या रखवालदार फरिश्त्याचा. तिसरा अर्थ झुरळांच्या राजाचा. आणि तिथेच कोशकार सांगतात की, हिंदुस्थानात ग्रंथाच्या पहिल्या पानावर हे नाव लिहिण्याची चाल आहे, कारण राजाच्या नावाचा मान राखून झुरळे त्या ग्रंथाला तोंड लावत नाहीत, अशी समजूत आहे. एका शब्दाच्या या तीन अर्थांत एका समजुतीचा सगळा जन्मवृत्तांत दडलेला आहे. तो उलगडून पाहावा, आणि आपल्या वाङ्मयाने, उर्दू आणि मराठी दोन्ही, किड्यामुंगीला खरोखर कोणती जागा दिली आहे हे तपासावे, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

अभ्यासकांचे म्हणणे असे की, मुळात कबीकज ही रनन्क्युलस कुळातली वनस्पती. तिचा रस इतका तिखट की अंगाला लागला तर फोड येतात. अशा वनस्पतीला कीटक टाळत असावेत आणि म्हणून ग्रंथांच्या रक्षणाशी तिचे नाव जोडले गेले असावे, असा तर्क केला जातो. आपल्याकडे पुस्तकांच्या कपाटात कडुलिंबाचा पाला किंवा वेखंडाचा तुकडा ठेवतात, त्याच जातीची ही युक्ती. पुढे वनस्पती मागे पडली आणि नुसते नाव उरले. नावाचा अर्थ विसरला गेला, तेव्हा त्या नावाला ‘या’ हे संबोधन लागले. आणि ज्याला हाक मारायची तो कोणीतरी असलाच पाहिजे, या न्यायाने वनस्पतीचा जिन्न झाला, फरिश्ता झाला, कीटकांचा राजा झाला. मोरोक्कोच्या बाजूच्या हस्तलिखितांत तर या नावाची अक्षरेही बदललेली सापडतात. ज्या शब्दाचा अर्थ माहीत नसतो त्याची अक्षरे सांभाळणेही कठीण जाते.

औषधाचा मंत्र कसा होतो, याचे इतके स्वच्छ उदाहरण आम्हांस दुसरे माहीत नाही. आम्ही उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवतो. अर्थ न कळता पाठ केलेला शब्द मुलांच्या तोंडी किती लवकर मंत्रासारखा होतो, हे आम्ही रोज पाहतो. मूल शब्द चुकत नाही, पण तो शब्द कशासाठी आहे ते त्याला सांगता येत नाही. कबीकजचे हेच झाले, फक्त तिथे चुकणारे मूल नव्हते, अनेक शतकांचा लेखकवर्ग होता.

अर्थात त्या कातिबांची थट्टा करणे सोपे आहे आणि आम्हांस ती करायची नाही. दिव्याच्या उजेडात महिनोन् महिने बसून, बोरूने एक एक ओळ उतरवणारा माणूस. आयुष्यभराचे काम पाच-दहा पावसाळ्यांत वाळवीच्या पोटात जाणार, हे त्याला ठाऊक होते. डांबरगोळी नव्हती, लोखंडी कपाट नव्हते. कागदावर प्रेम करणाऱ्या माणसाने हतबल होऊन मारलेली ती हाक आहे. तिच्यामागची माया खरी आहे, पत्ता मात्र चुकलेला आहे. समीक्षेने या दोन्ही गोष्टी सांगितल्या पाहिजेत.

आता कोणी म्हणेल, कबीकज हा एक अपवाद झाला, एका शब्दाचा घोटाळा. तसे नाही. अमलियातच्या परंपरेत अदृश्य चाकर तयार करण्याची रीतसर पद्धत आहे. त्या चाकराला ‘मुवक्किल’ म्हणतात. सोळाव्या शतकातील शेख मुहम्मद गौस ग्वाल्हेरी यांच्या ‘जवाहिर-ए-खम्सा’ या ग्रंथात अक्षरे, नावे आणि त्यांच्यावर नेमलेले मुवक्किल यांची मोठी मांडणी आहे. आपल्या दक्षिणेतल्या जाफर शरीफ यांच्या ‘कानून-ए-इस्लाम’ या पुस्तकातही, जे हर्क्लॉट्सने १८३२ साली इंग्रजीत प्रसिद्ध केले, या विद्येची सविस्तर माहिती येते. त्याच परंपरेतली सोपी, पातळ पुस्तके आजही उर्दू पुस्तकांच्या दुकानांत आणि उरुसाच्या बाजारात मिळतात.

पद्धत अशी. अरबी वर्णमालेतील प्रत्येक अक्षराला एक अंक दिलेला आहे. अलिफचा १, बे चा २, जीमचा ३, असे करीत १००० पर्यंत. याला अबजद म्हणतात. बिस्मिल्लाच्या अक्षरांची बेरीज ७८६ होते, हे आपल्या घरातल्या लहान पोरालाही ठाऊक असते. आता ज्या कामासाठी, ज्या माणसासाठी किंवा ज्या जिवासाठी मुवक्किल हवा, त्याच्या नावाची बेरीज करायची. तीतून ४१ वजा करायचे. उरलेल्या अंकाची पुन्हा अक्षरे करायची आणि शेवटी ‘ईल’ जोडायचा, कारण जिब्राईल, मीकाईल, इस्राफील ही फरिश्त्यांची नावे तशी संपतात. ४१ च का? तर अलिफ, ये आणि लाम, म्हणजे ‘ईल’ची तीन अक्षरे, यांची बेरीज १ अधिक १० अधिक ३० अशी ४१ होते.

वाचकांनी एक उदाहरण करून पाहावे. वाळवीला उर्दूत ‘दीमक’ म्हणतात. दालचे ४, ये चे १०, मीमचे ४०, काफचे २०. एकूण ७४. त्यातून ४१ गेले, राहिले ३३. ३० चा लाम आणि ३ चा जीम. त्यापुढे ‘ईल’. झाला ‘लजाईल’. वाळवीचा मुवक्किल! एका मिनिटात, खडूच्या एका तुकड्याने, आपण एक अदृश्य चाकर निर्माण केला. त्याला पंख द्यावेत, सहा पाय द्यावेत, रंग तांबडा ठेवावा की पांढरा, ते ज्याच्या त्याच्या कल्पनेवर. मुंगीचा करायचा असेल तर ‘नमल’चे १२०, वजा ४१, राहिले ७९ : ‘अताईल’. अशी फौजच्या फौज उभी करता येईल. पूर्वी यासाठी आमिलाकडे जावे लागे. आता ही बेरीज मोबाइलवरही करून मिळते.

परंतु या गणिताकडे गणित म्हणून पाहावे. ७४ मधून ४१ काढले आणि शेवटी ४१ पुन्हा जोडले. बेरीज परत ७४ च आली. म्हणजे ‘लजाईल’ या नावात ‘दीमक’ या शब्दाहून कणभरही जास्त काही नाही. आपण जे घातले तेच दुसरा वेष घेऊन बाहेर आले. आमिलाच्या गंभीर आवाजात आणि केशराच्या शाईत ते नवे वाटते, एवढेच. चौथीच्या मुलाला पाटीवर ही वजाबाकी करायला लावली तर त्याची भीती निघून जाईल, असे आम्हांस वाटते.

‘बुदूह’ची गोष्ट अशीच. तीन गुणिले तीन घरांचा जो जादूचा चौरस, ज्याच्या प्रत्येक ओळीची बेरीज १५ येते, त्याच्या चार कोपऱ्यांत २, ४, ६, ८ हे अंक येतात. त्यांची अक्षरे बे, दाल, वाव, हे. ती जोडून ‘बुदूह’ असा उच्चार झाला आणि बघता बघता बुदूह हा कोणी जिन्न किंवा कोणी नेक व्यापारी आहे अशी समजूत रूढ झाली. पत्र सुखरूप पोहोचावे म्हणून लिफाफ्यावर ८६४२ लिहिण्याची रीत पडली. तिकडे वनस्पतीचा जिन्न झाला, इकडे चार अंकांचा. माणसाला एकट्याने जगाला तोंड द्यायचे भय वाटते आणि तो नाव घेऊन एक सोबती तयार करतो. ही गरज आम्ही हसण्यावारी नेत नाही. पण याच अबजदने आपल्या शायरांनी दुसरे काय केले तेही पाहावे. तारीखगोई ही कला याच अंकांवर उभी आहे : कोणाचा मृत्यू, कोणाचा जन्म, एखाद्या मशिदीची बांधणी, यांचे साल एका वाक्यात असे गुंफायचे की अक्षरांची बेरीज केली की वर्ष निघावे. शायराने अंकातून आठवण निर्माण केली, आमिलाने त्याच अंकातून चाकर. साहित्याची बाजू कोणती, हे निराळे सांगायला नको.

तावीज जायज की नाजायज, या वादात आम्ही पडत नाही. तो उलेमांचा प्रांत आहे आणि त्यांच्यातही मतभेद आहेत. आमचा प्रश्न वाङ्मयाचा आहे. ही सगळी विद्या स्वतःला हजरत सुलेमान यांच्या नावाशी जोडते. नक्श सुलेमानी, मोहर सुलेमानी, अंगठी सुलेमानी. जिन्न, वारा, पाखरे त्यांच्या हुकमात होती, म्हणून. तेव्हा सुलेमान यांची कथा नीट वाचणे, हे पहिले काम आहे. आमच्या मते या व्यवसायाने ती शेवटपर्यंत वाचलेली नाही.

कुरआनच्या सत्ताविसाव्या सूरहचे नावच ‘नमल’, म्हणजे मुंगी. सुलेमान यांचे लष्कर येत आहे. मुंग्यांच्या खोऱ्यात एक मुंगी आपल्या बहिणींना सावध करते की, घरात शिरा, नाहीतर हे लष्कर नकळत तुम्हांला चिरडून टाकील. सुलेमान ते ऐकतात, हसतात आणि अल्लाहचे आभार मानण्याची बुद्धी मागतात. इथे मुंगी त्यांची चाकर नाही. ती त्यांच्याशी बोलतही नाही. ती आपल्या कौमशी बोलते. बादशहाला तिची भाषा कळते, आणि त्या ज्ञानाचा उपयोग तो तिला कामाला जुंपण्यासाठी करीत नाही. भाषा कळल्यावर माणसाने नम्र व्हावे, एवढेच तो प्रसंग सांगतो.

दुसरा प्रसंग चौतिसाव्या सूरहमधला, ‘सबा’मधला. सुलेमान काठीवर टेकून उभे आहेत आणि त्याच अवस्थेत त्यांचा इंतकाल झाला आहे. जिन्न राबत आहेत. त्यांना पत्ताच नाही. जमिनीचा एक किडा ती काठी कुरतडतो. काठी मोडते, देह कोसळतो, तेव्हा जिन्नांना कळते की, आपल्याला गैबचे ज्ञान असते तर इतका काळ ही बेगार आपण केली नसती. तफसीरकार या किड्याला वाळवीच म्हणतात. या प्रसंगाचा अर्थ पुन्हा पुन्हा लक्षात घेण्यासारखा आहे. जिन्नांना गैब कळत नाही, ही गोष्ट जगापुढे आणली कोणी? वाळवीने. आणि कबीकज नावाचा जिन्न ज्यांच्यावर राज्य करतो म्हणतात, ते कीटक कोणते? तीच वाळवी. जिच्या दातांनी जिन्नांचे अज्ञान उघडे पडले, तिच्यापासून बचाव करण्यासाठी जिन्नाला अर्ज करायचा! सुलेमानी नक्श विकणाऱ्याने या आयतीपाशी थांबून विचार करायला हवा होता.

तिसरा प्रसंग सीरतच्या ग्रंथांतला. मक्केत कुरैशांनी बनू हाशिमवर बहिष्कार घातला, करारनामा लिहून काबामध्ये टांगला. लहान मुले भुकेने रडत होती, अशा हालांत तो काळ गेला. पुढे पाहतात तो करारनामा वाळवीने खाल्लेला. फक्त अल्लाहचे नाव शिल्लक. म्हणजे आपल्या परंपरेत वाळवी नुसती पुस्तकाची शत्रू नाही. एकदा तिने जिन्नांचे अज्ञान उघडे केले आणि एकदा जुलमाचा कागद खाल्ला. दोन्ही वेळा ती कोणा माणसाच्या हुकमात नव्हती. ती साक्षीदार होती.

‘इख्वानुस्सफा’चे नाव उर्दू वाचकांना अपरिचित नसावे. दहाव्या शतकात बसऱ्यात होऊन गेलेल्या विद्वानांच्या या मंडळीने एक अद्भुत खटला लिहिला : जनावरांनी माणसाविरुद्ध जिन्नांच्या बादशहापुढे दाद मागितली आहे. माणूस म्हणतो, हे सगळे आमचे गुलाम. जनावरे म्हणतात, पुरावा दाखवा. कीटकांच्या वतीने मधमाश्यांचा सरदार उभा राहतो आणि आपल्या पोळ्याची रचना, आपला कारभार यांचे वर्णन करून माणसाचा गर्व उतरवतो. फोर्ट विल्यम कॉलेजासाठी मौलवी इकराम अली यांनी १८१० साली त्याचा उर्दू तर्जुमा केला. शेवटी निकाल माणसाकडे झुकतो, पण तो त्याच्या अकलेमुळे किंवा कारागिरीमुळे नाही; ते सगळे दावे खोडले जातात. मरणोत्तर जीवनाचा मुद्दा तेवढा उरतो. आणि जिथे आखिरत आहे तिथे हिशेब आहे. आमच्या वाचनात या खटल्याचा अर्थ असा की, किड्याला चाकर म्हणण्याआधी माणसाने स्वतःच्या हिशेबाची तयारी ठेवावी.

आता मराठीकडे वळू. ती आमची शाळेची भाषा नसली तरी घराबाहेरची, बाजाराची आणि आता लेखनाची भाषा आहे. संत एकनाथांनी १५७३ साली वाराणसीत पूर्ण केलेल्या ‘एकनाथी भागवता’त अवधूताच्या चोवीस गुरूंचे आख्यान येते. त्या चोवीस गुरूंत पतंग आहे, मधमाशी आहे, कोळी आहे आणि कुंभारीण माशीही आहे. इथेही कीटक चाकर नाहीत, उस्ताद आहेत. दोन वेगळ्या धर्मपरंपरा या एका बाबतीत किती जवळ येतात, हे पाहून आम्हांस आनंद होतो. मात्र त्यांच्यातला फरकही पाहावा. दिव्यावर झेप घेणारा पतंग अवधूताला सांगतो की रूपाच्या मोहाने नाश होतो. तोच पतंग फारसी-उर्दू गझलमध्ये परवाना होतो आणि त्याचे जळणे हीच इश्कची पूर्तता ठरते. किडा एक, दिवा एक, धडे दोन. वाङ्मयाचे काम हेच आहे : किड्याकडून एकापेक्षा जास्त अर्थ घेणे. आमिलाच्या कोष्टकात मात्र प्रत्येक नावाला एकच अंक आणि एकच काम.

कुंभारीण माशीची कथा विशेष विचार करण्यासारखी आहे. संतवाङ्मयात दृष्टांत असा की, ती अळीला पकडून मातीच्या घरात कोंडते आणि अळी तिचे ध्यान करता करता तिच्यासारखीच होऊन बाहेर पडते. शिष्य गुरुरूप होतो, त्याचे हे चित्र. दृष्टांत म्हणून त्याची जागा अढळ आहे. पण आज आपल्याला माहीत आहे की प्रत्यक्षात काय घडते. माशी अळीला डंख मारून लुळी करते, मातीच्या कोठडीत ठेवते, तिथे आपले अंडे घालते. अंड्यातून निघालेले तिचे पिल्लू ती अळी खाऊन वाढते आणि पंख फुटल्यावर उडून जाते. अळी बदलत नाही, अळी संपते. खऱ्या पीर-मुरशिदाला पहिले चित्र शोभते. मुवक्किलाच्या नावाने नजराणा घेणाऱ्या, आजारी मुलीला दवाखान्याऐवजी चाळीस दिवसांच्या चिल्ल्यात बसवणाऱ्या आमिलाला दुसरे. बाहेरून दोन्ही घरे मातीचीच दिसतात, आणि ओळखायला शिकवणे हे लेखकाचे काम आहे.

हे काम आपल्यातल्याच एका थोर पुरुषाने केलेले आहे. श्रीगोंद्याचे शेख महंमद, कादरी परंपरेतले सूफी आणि मराठीचे संतकवी. सतराव्या शतकातल्या त्यांच्या ‘योगसंग्राम’ ग्रंथात क्षुद्र दैवतांच्या नादी लागणाऱ्यांवर आणि दोन्ही समाजांतल्या ढोंगावर कोरडे ओढलेले आहेत. मुसलमानाने मराठीत लिहून अंधश्रद्धेवर बोट ठेवावे, ही कोणी बाहेरून आणलेली सुधारणा नाही. ती आपली जवळजवळ चारशे वर्षांची वहिवाट आहे. म्हणून २०१३ साली, डॉ. नरेंद्र दाभोलकर यांच्या हत्येनंतर, महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा झाला तेव्हा तो ‘त्यांचा’ की ‘आपला’ अशी जी कुजबुज काही ठिकाणी झाली ती आम्हांस निरर्थक वाटते. साप, विंचू, कुत्रा चावल्यावर माणसाला दवाखान्यात जाऊ न देता गंडेदोरे करणे, हे त्या कायद्याने गुन्हा ठरवले. विंचवाला मजहब नसतो.

आधुनिक उर्दू कथेने या विषयाला जो खोल हात घातला, त्याचा उल्लेख केल्यावाचून हे विवेचन अपुरे राहील. इंतजार हुसैन यांच्या १९६७ च्या ‘आखरी आदमी’ या संग्रहात ‘काया कल्प’ नावाची कथा आहे. दास्तानीतला शहजादा आजाद बख्त शहजादीला सोडवायला देवाच्या किल्ल्यात येतो. देव संध्याकाळी परत येतो तेव्हा शहजादी मंत्र म्हणून शहजाद्याला माशी करते आणि भिंतीला चिकटवून ठेवते. सकाळी पुन्हा माणूस करते. जीव वाचतो. पण रोज रात्री माशी होता होता शहजाद्याला प्रश्न पडू लागतो की, मी माणूस असून रात्री माशी होतो, की माशी असून दिवसा माणूस होतो? शेवटी एका रात्री शहजादी मंत्र म्हणत नाही, त्याला तळघरात लपवते, आणि सकाळी पाहते तो शहजादा आपोआप माशी झालेला असतो. देवाला त्या रात्री माणसाचा वासही आला नाही.

ही कथा वाचून आम्हांस कबीकज आठवतो. अमलियातची पुस्तके सांगतात की किडा तुमचा चाकर होईल. इंतजार हुसैन दाखवतात की भीतीपोटी घेतलेल्या मंत्राच्या आधाराने माणूसच किडा होतो. चाकर तयार करायला निघालेला माणूस स्वतःच आकसत जातो. शत्रू मोठा आहे, आपण लहान आहोत, तेव्हा लपून राहू, कोणीतरी नाव घेऊन आपल्याला वाचवील : ही मनोवृत्ती केवळ एका शहजाद्याची नाही. असुरक्षित समाजाला ती फार लवकर जडते. आपल्या समाजाला गेल्या काही दशकांत भिंतीला चिकटून राहण्याची कारणे पुष्कळ मिळाली आहेत, हे आम्ही नाकारत नाही. तरीही साहित्याने सकाळी माणूस होण्याची आठवण करून दिली पाहिजे.

१९९० साली सोलापूरला पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले. तेव्हापासून आपल्या कथा-कवितांत आमिल, भगत, तावीज हे विषय वारंवार आले. पण बहुतेकदा दोनच प्रकारे. एक तर थट्टा : ढोंगी बाबा, भोळी खाला, शेवटी पर्दाफाश. नाहीतर हळवेपणा : दादीच्या गळ्यातला तावीज, अत्तराचा वास, जुने दिवस. पहिल्या प्रकारात माणसाची भीती दिसत नाही, दुसऱ्यात त्या भीतीचा व्यापार दिसत नाही. इंतजार हुसैन यांनी दोन्ही एकत्र पाहिले. मराठीत लिहिणाऱ्या आपल्या लेखकांकडून आम्ही तीच अपेक्षा करतो. दास्तान, कुरआनातले किस्से, संतांचे दृष्टांत, ही तिन्ही संपत्ती ज्याच्या घरात एकत्र आहे असा लेखक मराठीत दुसरा कोण आहे?

शेवटी पुस्तकांविषयी, कारण कबीकजची गोष्ट मूळची पुस्तकांचीच आहे. जुन्या संस्कृत पोथ्यांच्या शेवटी लेखनिक एक विनंती लिहीत. त्यात पोथीच बोलते : मला तेलापासून, पाण्यापासून, सैल बांधणीपासून राखा आणि अडाण्याच्या हाती देऊ नका. तिथे हाक वाचकाला आहे. आपल्याकडेही वक्फनाम्यात ग्रंथ विकू नये, गहाण ठेवू नये असे माणसालाच बजावलेले असते. ‘या कबीकज’ ही हाक मात्र माणसाला ओलांडून किड्यांच्या राजाकडे गेली. आम्हांस या दोन हाकांमधला फरक महत्त्वाचा वाटतो.

नाशिकचे सार्वजनिक वाचनालय १८४० सालचे आहे. जुन्या नाशकात बडी दर्ग्याच्या आसपास, कोकणीपुऱ्यात, तिकडे मालेगावात, कितीतरी घरांच्या माळ्यावर अब्बा-नानांच्या काळातली उर्दू पुस्तके पेट्यांत बंद आहेत. मुले इंग्रजी शाळेत गेली, लिपी वाचणारे घरात कोणी उरले नाही, पण ‘बरकत राहते’ म्हणून पेटी कोणी हलवत नाही. वाळवी जमिनीतून, भिंतीच्या ओलीतून मातीची नळी करीत वर चढते. कसर बांधणीतली खळ खाते. तिला अंधार, दमटपणा आणि न हललेला कागद हवा असतो. उपाय कोणाला माहीत नाहीत असे नाही : पावसाळा सरला की पेटी उघडावी, पाने सावलीत वाऱ्याला लावावीत, कपाट भिंतीपासून हातभर पुढे घ्यावे, कडुलिंब ठेवावा, आणि जे आपल्याला वाचता येत नाही ते वाचता येणाऱ्या वाचनालयाला द्यावे. यातले एकही काम कोणता मुवक्किल करणार नाही. ‘लजाईल’ तर मुळीच नाही; त्याच्या नावाची बेरीज वाळवीइतकीच आहे.

कातिबाने त्या कोपऱ्यात कबीकजचे नाव लिहिले, तेव्हा त्याच्यापुढे तुमचे-आमचे नाव नव्हते. आज ते असू शकते. घरातल्या एका जुन्या पुस्तकाच्या पहिल्या पानावर, त्या जुन्या हाकेखाली, ते शेवटचे कोणी आणि कोणत्या साली वाचले याची नोंद करून ठेवावी. पुढच्या पिढीने त्या पानाखाली आपली एक ओळ जोडावी.